अनोळखी वाटेनं उंच डोंगर, तोही पहिल्यांदाच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार डोंगर पालथे घातलेत म्हणून लोक मला विचारत असतात, आणि गंमत म्हणजे सगळ्यांचे प्रश्न तेच. सॅक किती लिटरची घेऊ, बूट कोणते घेऊ, काठ्या एक की दोन. वाटेबद्दल कुणी विचारत नाही, वाटेत काय एवढं, पुढचा जातोय त्याच्या मागे जायचं असं धरून चालतात. म्हणून इथे बुटांबद्दल दोन ओळी आहेत आणि वाटेबद्दल ढीगभर, आधीच सांगून ठेवतो.

मी नवखा आहे आणि वाटही माहीत नाही. जाऊ का?

जा की. पण आधी नव्या गोष्टी किती आहेत ते बोटांवर मोजा. तुम्ही नवे, वाट नवी, एवढी उंची नवी, ऋतू नवा, सोबतची माणसं नवी. यातल्या दोन नव्या असतील तर निभावतं, तिसरी आली की मी आजही थांबून विचार करतो, आणि चौथी आली तर कुठली तरी एक कमी करतो, म्हणजे वाट तरी मळलेली घेतो किंवा वाटाड्या तरी सोबत घेतो.

एक मात्र स्पष्ट सांगतो. वाटेत हिमनदी किंवा कडक बर्फाचा तीव्र उतार असेल तर हे वाचून जाऊ नका. तिथे दोर, क्रॅम्पॉन (बर्फात पकड मिळावी म्हणून बुटांखाली बांधायचे खिळे), बर्फाखाली लपलेल्या भेगा हा सगळा वेगळा अभ्यास आहे आणि तो शिकलेल्या माणसासोबतच करायचा. खालचं सगळं पायी चालत जाता येतं आणि मधेमधे हात टेकावे लागतात अशा डोंगराबद्दल आहे.

उंच म्हणजे नेमकं किती?

शरीराच्या हिशोबानं २५०० मीटरच्या वर गेलात की उंची जाणवायला लागते. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, तो वर जाऊन कमी होत नाही, कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे दर श्वासात आत जाणारा ऑक्सिजन घटतो. ५५०० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. थंडीचं गणित सोपं आहे, दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश वजा. म्हणजे १००० मीटरवरच्या गावात २० अंश असतील तर ४००० मीटरवर शून्याच्या आसपास, आणि वाऱ्याचा गारठा त्यात धरलेलाच नाही. ऊन उलट वाढतं, अतिनील किरणं दर हजार मीटरला दहा-बारा टक्क्यांनी जास्त, म्हणून ढग असले तरी गॉगल लावा, बर्फ असेल तर नक्कीच.

वाट कधी पाहिलीच नाही तर घरी बसून काय कळणार?

खूप कळतं, बहुतेक लोक बघतच नाहीत ही गोष्ट वेगळी. कंटूरवाला नकाशा घ्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा असलेला. रेषा जवळजवळ म्हणजे चढ खडा, लांब लांब म्हणजे सपाटी, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण दोन कंटूरमधलं अंतर किती मीटरचं आहे हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं ते कुणी वाचत नाही. समजा ते २० मीटरचं आहे, तर १५ मीटरचा उभा कडा दोन रेषांच्या मधे बेमालूम गडप होऊ शकतो. नकाशावर गोड चढ दिसतो आणि तिथे जाऊन बघता तर समोर पाच मजली इमारत उभी. फोनवर नकाशा लहान केला की काही ॲप मधल्या रेषाच गाळतात, म्हणून ठरवलेली वाट पूर्ण मोठी करून, बोटानं सरकवत सरकवत बघा.

मग धार आणि घळ ओळखायला शिका. कंटूरचं टोक उंचीकडे वळलेलं असेल तर ती घळ किंवा ओढा, उताराकडे वळलेलं असेल तर ती धार किंवा सोंड. हे जमलं की आता जे सांगतोय ते समजेल, आणि मला विचाराल तर या सगळ्यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं. चढताना सगळ्या सोंडा एकमेकींना येऊन मिळतात, शेवटी माथा एकच असतो, त्यामुळे चढताना थोडं इकडेतिकडे झालं तरी तुम्ही माथ्याकडेच चाललेले असता. उतरताना उलट, दर शे-दोनशे मीटरला एक फाटा फुटतो आणि चुकीचा धरलात की दर पावलाला योग्य वाटेपासून लांब जाता. म्हणजे वाट शोधायचं काम चढताना सोपं आणि उतरताना अवघड, आणि उतरताना आपण दमलेले असतो, खुशीत असतो, गप्पा मारत असतो.

मी हे असंच शिकलो. माथा झाला, फोटो झाले, ढग आला, तरी पायाखाली छान वाट होती म्हणून उतरत राहिलो. चाळीसएक मिनिटांनी वाटेवर शेण दिसायला लागलं, मग वाट रुंद झाली, मग तिच्या तीन झाल्या, मग एकही उरली नाही. ढोरवाट होती ती. शेजारच्या सोंडेवर उतरलो होतो आणि मधे अशी खोल दरी की आडवं जायचा प्रश्नच नव्हता. तीनशे मीटर परत चढलो. त्या चढाईत मी कुणाशी काही बोललो नाही.

मग उतरताना फाटा ओळखायचा कसा?

चढतानाच मागे वळून बघायचं. ऐकायला किरकोळ वाटतं पण नव्वद टक्के लोक करत नाहीत. प्रत्येक फाट्यावर, धारेला लागल्यावर, ओढा ओलांडल्यावर, दगडांतून मोकळ्यावर आल्यावर थांबा, पूर्ण वळा, आणि उतरताना हे असं दिसणार हे डोळ्यांत भरून घ्या. फोटो काढा, त्याच दिशेनं. माझ्या फोनमध्ये असे नुसत्या दगडांचे आणि रिकाम्या वाटांचे शेकडो फोटो आहेत, घरचे म्हणतात हे काय काढतोस. वाट एकाच दिशेनं चालून पाहिली असेल तर ती अर्धीच पाहिली, चढताना ज्या दगडाच्या आडून वाट वर येते तो दगड वरून बघितला तर त्याच्या मागे वाट आहे हे कळतसुद्धा नाही.

वेळही टिपून ठेवा. अमुक फाट्याला ९:२०. उतरताना तिथे साधारण किती वाजता यायला हवं याचा अंदाज येतो, आणि तो फाटा आलाच नाही तर शंका लवकर येते.

जीपीएस ट्रॅक फोनमध्ये आहे, मग नकाशाबिकाशा कशाला?

ट्रॅक, म्हणजे आधी कुणी चाललेल्या वाटेची नोंद, ठेवाच, मीही ठेवतो. फोनच्या जीपीएसला नेटवर्क लागत नाही, एअरप्लेन मोडवर टाकून नकाशा आधीच डाउनलोड केला असेल तर आपण कुठे आहोत तो ठिपका दिसतो आणि बॅटरीही वाचते. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडते, म्हणून फोन बाहेरच्या खिशात नाही, आत अंगाजवळ ठेवा. दुसरं, उंच कड्यांच्या मधल्या घळीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका बाजूच्या धारेवर उडी मारतो. आणि तिसरं, तो ट्रॅक कुणीतरी एका दिवशी चाललेला आहे. तो माणूस कदाचित दोर लावून गेला असेल, कदाचित त्या महिन्यात ओढा कोरडा असेल, कदाचित तोही चुकला असेल आणि चुकल्याचाच ट्रॅक टाकून मोकळा झाला असेल. मी असा ट्रॅक पाहिलाय ज्यात एका जागी छान गाठोडं झालेलं होतं, म्हणजे बिचारा तिथे अर्धा तास वाट शोधत घुटमळला होता. अशी गाठोडी आधीच हेरून ठेवा, तुम्हीही तिथेच अडकणार.

कागदी नकाशा आणि कंपास का, तर त्यांना चार्जिंग लागत नाही. बास.

फोटोत चढ भिंतीसारखा दिसतोय, माझ्याच्यानं होईल का?

समोरून काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका, समोरून कुठलाही उतार असतो त्याहून खडा दिसतो. याचं नामी उदाहरण म्हणजे मॅटरहॉर्न, ४४७८ मीटर. एडवर्ड व्हिम्पर हा इंग्लिश गिर्यारोहक इटलीच्या बाजूनंच पुन्हा पुन्हा प्रयत्न करून हुकत होता, कारण स्वित्झर्लंडच्या झरमाटकडून दिसणारी बाजू इतकी उभी वाटायची की तिकडे कुणी फारसं वळतच नव्हतं. मग त्यानं ती बाजू आडवी, म्हणजे कडेनं पाहिली, आणि लक्षात आलं की ही भिंत नाहीच, चाळीसएक अंशांचा उतार आहे, शिवाय खडकांचे थर आत झुकलेले, म्हणजे पाय ठेवायला पायऱ्याच. इटलीच्या बाजूला ते थर बाहेर झुकलेले, कौलांसारखे. १४ जुलै १८६५ ला तो हर्नली धारेवरून माथ्यावर पोचला. ती गोष्ट तिथे संपत नाही, पुढे उतरण्याच्या प्रश्नात येईल.

तर आपल्यापुरतं काय, की शक्य असेल तर वाट कडेनं दिसेल अशा ठिकाणी आधीच्या दिवशी जाऊन नुसतं बसा, तासभर. सकाळी सावली तिरकी असते तेव्हा घळी, पायऱ्या, टप्पे सगळं उठून दिसतं, दुपारी डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट.

किती वेळ लागेल हे कसं काढायचं?

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो अजून चालतो. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे माथ्यापर्यंत १० किलोमीटर आणि १२०० मीटर चढ असेल तर दोन अधिक दोन, चार तास. आता हे चार तास धडधाकट, सरावलेल्या, न थांबणाऱ्या माणसाचे. नवख्यानं दीडपट धरावं, म्हणजे सहा. ३००० मीटरच्या वर असाल तर आणखी वाढवा, तिथे दहा पावलं आणि एक श्वास असा प्रकार सुरू होतो. अनोळखी वाट असेल तर शोधाशोधीचा तास वेगळा, आणि हा तास कधीच वाया जात नाही, उरला तर माथ्यावर झोप काढा.

आणि उतरायला अर्धाच वेळ लागतो हे डोक्यातून काढा. चांगल्या पायवाटेवर खरं असेल, घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, आणि दगडांत उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, गुडघे कुरकुरायला लागले तर जास्तच.

मागे फिरायची वेळ म्हणजे काय? सगळे सांगतात पण पाळत कुणीच नाही.

आधी ठरवलेली वेळ, ती झाली की माथा समोर असला तरी वळायचं. अंधार पडायच्या वेळेतून उतरायचे तास वजा करा, त्यातून चुकण्याचे दोन तास वजा करा, जी वेळ येईल ती. ही वेळ घरी ठरवायची, कागदावर लिहायची, सगळ्यांना सांगायची, कारण वर गेल्यावर डोकं ठिकाणावर नसतं. ऑक्सिजन कमी, दमणूक, त्यात 'इतकं आलोय तर' हा विचार, आणि समोर माथा.

त्यातून तो माथाही बहुधा माथा नसतो. खोटे माथे फार असतात, धार बाहेरच्या बाजूला फुगलेली असेल तर खालून फुगवटाच शिखर वाटतो. एकदा आम्ही तीन खोटे माथे चढलो, चौथ्याच्या खाली १:०० वाजले, ठरलेली वेळ तीच होती. आमच्यातला एक म्हणाला पस्तीस मिनिटं, फक्त पस्तीस. वळलो. तो खाली येईपर्यंत फुगून बसला होता, आणि खरं सांगायचं तर मीही. हवा शेवटपर्यंत छान राहिली, काही वादळबिदळ आलं नाही. गेलो असतो तर कदाचित काही झालंही नसतं. तरी वळलो ते बरोबर होतं, कारण शेवटचा दगडी टप्पा उतरलो तेव्हा हेडटॉर्च लावायला लागला होता.

पण परतीची वाट तर आलेलीच असते, तिचं एवढं काय?

वाट तीच असते, पण सकाळची ती दुपारी राहत नाही. बर्फाच्या किंवा हिमनदीच्या पाण्यावरचा ओढा पहाटे सगळ्यात कमी असतो, दिवसभर ऊन लागून बर्फ वितळतो आणि दुपारनंतर फुगतो. सकाळी सातला पोटरीभर पाण्यातून हसत खेळत गेलात तोच ओढा चारला मांडीपर्यंत आणि ओढ असलेला. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल, तळातले दगड घरंगळल्याचा आवाज येत असेल, तर नाही उतरायचं, थांबायचं, गरज पडली तर सकाळपर्यंत. उतरावंच लागलं तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडून, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते. बूट काढून अनवाणी जाऊ नका, बोटं फुटतात.

वाट चुकलीये हे कळतं कसं?

पोटात आधी कळतं, डोक्याला उशिरा. बराच वेळ वाटेची खूण म्हणून रचलेली दगडांची लगोरी दिसली नाही, पायाखालची माती बसलेली नाही तर भुसभुशीत आहे, झुडपं कपड्यांना धरायला लागली, आणि मुख्य म्हणजे सोबतचे 'येईल पुढे' असं म्हणायला लागले, की समजायचं. 'येईल पुढे' हे वाक्य ऐकलं की मी थांबतोच.

थांबा, बसा, पाणी प्या. शेवटची खात्रीची जागा कुठली होती ते आठवा आणि तिथे परत जा, चढ असला तरी. लोक हेच करत नाहीत, चढ परत चढायचा कंटाळा येतो म्हणून 'इथून खाली उतरलं की लागेल वाट' म्हणत घळीत शिरतात. घळ वरून सोपी दिसते, खाली गेल्यावर धबधब्याची जागा येते, पंधरा-वीस मीटर सरळ, आणि जिथून घसरत आलात तिथे परत चढता येत नाही. उतरायची वाट माहीत नसेल तर धारेवर राहा. धारेवरून निदान दिसतं, आणि शोधणाऱ्यांनाही तुम्ही दिसता.

लगोऱ्यांवरही आंधळा विश्वास नको. कुणी हौसेनं रचलेल्या असतात, कुणी चुकीच्या वाटेवर रचून गेलेला असतो.

धुक्यात सरळ चालत राहिलं तर कुठेतरी निघूच ना?

नाही निघणार. आपल्याकडे चकवा म्हणतात ना, माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, त्यात भुताचा काही हात नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं, सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली, तो दिसेनासा झाला की वळली, जंगलातले काही तर स्वतःच्याच वाटेला परत येऊन छेदत होते आणि त्यांना पत्ता नव्हता. डोळे बांधल्यावर तर काहींची वर्तुळं वीस मीटरची.

म्हणून धुक्यात कंपास. स्कॉटलंडचा बेन नेव्हिस फक्त १३४५ मीटर उंच आहे, पण माथ्यावरून धुक्यात उतरताना एका अंगाला उत्तरेचे कडे आणि दुसऱ्या अंगाला फाइव्ह फिंगर गली नावाची बदनाम घळ, मधून जायचं तर कंपासवर ठरलेली दिशा धरून पावलं मोजत जावं लागतं. पावलं मोजणं घरी शिकता येतं, शंभर मीटरला आपली किती पावलं होतात ते सपाटीवर आणि चढावर मोजून ठेवा. कंपास नसेल, वापरता येत नसेल, तर धुकं हटेपर्यंत बसा, सगळे कपडे अंगावर चढवून, सॅकवर. कंटाळा येतो. येऊ दे.

दगडी टप्पा आला, चढता येईलसं वाटतं. चढू?

आधी हे सांगा, उतरता येईल का? चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय चाचपडत ठेवायचा असतो आणि खाली दरी दिसते. दृष्टिभय, म्हणजे खालची पोकळी बघून वाटणारी भीती, वाईट, जमिनीपासून दोन मीटरवर जो टप्पा माकडासारखा चढाल तोच बाजूला पोकळी असली की पाय लटपटतात. माझा नियम असा की दोन-तीन हालचाली वर जाऊन लगेच परत उतरून बघायचं. उतरता आलं तर चढायचं. नाही आलं, किंवा मनात आलं की 'वरून दुसरी वाट असेल उतरायला', तर तिथेच राम राम. दोन पाय आणि दोन हात यांतले तीन कायम टेकलेले, एका वेळी एकच हलवायचा, आणि प्रत्येक दगड धरण्याआधी थोपटून बघायचा, पोकळ आवाज आला तर सोडून द्यायचा.

घसाऱ्यावर पाय टिकत नाही.

चढताना घसारा टाळा, कडेच्या घट्ट खडकावरून जा. उतरताना टाच मारून, अंग मागे न टाकता. एकाच्या बरोबर खाली दुसऱ्यानं चालू नका, दगड सुटला की ओरडून सांगा, लाजू नका.

डोकं दुखायला लागलं तर गोळी घेऊन पुढे जाऊ?

इथे जरा थांबून वाचा. २५०० मीटरच्या वर डोकं दुखणं, त्याच्या जोडीला मळमळ, चक्कर, विचित्र थकवा यातलं काही, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत ती उंची बाधलेली आहे असंच धरायचं. पोचल्या पोचल्या होतं असं नाही, बहुतेकदा सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं रात्री. फिट माणसाला होत नाही हा गैरसमज, उलट फिट माणूस भराभर चढतो आणि आधी आडवा होतो.

लक्षणं असताना वर जायचं नाही. तिथेच थांबा, बरं वाटलं तर पुढे, वाढलं तर खाली. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. दिवसा वर जाऊन झोपायला खाली आलात तर छानच, किलीमांजारोच्या माचामे वाटेवर हेच होतं, दिवसा लाव्हा टॉवरपर्यंत सुमारे ४६०० मीटरवर चढवतात आणि रात्री बारांकोच्या मुक्कामाला ३९०० च्या वर थोडं, असं खाली आणतात. लोक वैतागतात, एवढं चढून परत उतरवलं म्हणून, पण ती वाटच शहाणी आहे.

दोन गोष्टींत मात्र थांबायचंही नाही, ताबडतोब, रात्र असली तरी खाली. एक, बसल्या जागी धाप लागतेय आणि खोकला येतोय, हे फुप्फुसात पाणी होण्याचं लक्षण. दोन, माणूस बरळतोय किंवा झोकांड्या खातोय, ही मेंदूला सूज. याची तपासणी सोपी आहे, जमिनीवर सरळ रेष समजून टाच आणि चवडा जोडत दहा पावलं चालायला सांगा, तोल गेला तर खाली न्या. माझा एक मित्र ३९०० मीटरवर डावा हातमोजा उजव्या हातात घालत होता, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि आम्ही हसत होतो. तोही हसत होता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याला खरंच कळत नाहीये. अंधारात दोघांनी धरून सहाशे मीटर खाली आणला, सकाळी सगळ्यांना उठवायला तोच पुढे.

ती उंचीवरची गोळी आधीपासून घेतली तर?

ॲसिटाझोलामाइड म्हणताय. डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर हे त्यांना आधी सांगून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, घाबरू नका. गोळी घेतली म्हणून भराभर चढायची परवानगी मिळत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर नकोच.

बूट, कपडे?

बूट जुने, पायाला बसलेले, नवे कोरे नाहीत. सुती कपडे नाहीत, सुत ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतं. घाम यायच्या आधी एक थर काढा, थांबायच्या आधी एक चढवा. हेडटॉर्च, दिवसाचा ट्रेक असला तरी.

पाणी उकळून घेतलं तर चालतं ना, वर ते लवकर उकळतं म्हणे?

हो, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी, ३००० मीटरवर नव्वदच्या आसपासच उकळी फुटते. जंतू मारायला तेवढं पुरतं, वर असाल तर तीन मिनिटं उकळत ठेवा. बर्फ चोखत जाऊ नका, तोंड गार होतं आणि तहान भागत नाही.

वीज चमकायला लागली तर?

चमक आणि गडगडाट यांच्यात मोजा. तीन सेकंदांचा एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत असेल तर धार सोडा, माथा सोडा, एकट्या झाडाखाली आणि उथळ कपारीच्या तोंडाशी थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं वर जाऊ नका. डोंगरात वादळं बहुतेकदा दुपारी जमतात, पहाटे लवकर निघण्यामागे हेही एक कारण.

घड्याळात दाबावर चालणारा उंचीमापक असेल तर रात्री झोपताना आकडा बघा. सकाळी तंबूतल्या तंबूत तुम्ही पन्नास मीटर 'चढलेले' असाल तर हवेचा दाब उतरलाय, हवा बिघडायची शक्यता आहे.

एकट्यानं गेलं तर?

पहिल्याच वेळी, अनोळखी वाटेनं, नको. आणि ग्रुपमध्ये गेलात तर सगळ्यात हळू चालणारा पुढे, मागे नाही. मागे ठेवला की पुढचे थांबून दम खातात आणि तो पोचला रे पोचला की उठून चालू पडतात, त्याला विश्रांतीच मिळत नाही. कुठल्या वाटेनं जाणार, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर मदत बोलवायची, हे खाली कुणाला तरी लिहून द्या, आणि मग ऐनवेळी वाट बदलू नका.

मदत कशी मागायची?

शिट्टी. मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, परत सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. रात्री टॉर्चनं तसंच. उत्तर आलं तरी वाजवत राहा, त्यांना तुमच्यापर्यंत यायचंय. फोन लागत नसेल तर एसएमएस पाठवून बघा, क्षणभर मिळालेल्या रेंजमध्येही जातो. हेलिकॉप्टर दिसलं तर मदत हवी असेल तर दोन्ही हात तिरके वर, नको असेल तर एक हात वर आणि एक खाली. उगाच आनंदानं दोन्ही हात हलवू नका.

उतरताना एवढे अपघात का होतात?

मॅटरहॉर्नची उरलेली गोष्ट. माथ्यावर सात जण पोचले, एका दोरात उतरायला लागले. त्यात डग्लस हॅडो हा १९ वर्षांचा, डोंगरात बराच नवखा मुलगा होता. चढताना त्याला मदत लागली होतीच, उतरताना त्याचा पाय घसरला, खाली असलेल्या मिशेल क्रोझ या वाटाड्यावर तो आदळला, दोर ताणला आणि वरचे आणखी दोघे ओढले गेले, मग दोर तुटला. चार गेले, तीन वाचले. क्रोझ त्या काळातल्या उत्तम वाटाड्यांपैकी एक होता, त्याचं काही चुकलं नव्हतं.

म्हणून उतरायला लागण्याआधी माथ्यावर बुटांच्या नाड्या परत बांधा, वरचे हूक घट्ट, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. काहीतरी खा. काठ्या थोड्या लांब करा. सगळ्यात कच्चा माणूस कुठे असणार आणि अवघड टप्प्यावर त्याला पाय कुठे ठेवायचा ते कोण सांगणार, हे बोलून घ्या, आणि पहिला फाटा येईपर्यंत गप्पा बंद.

पुढच्या वर्षी त्याच वाटेनं गेलो तर ती ओळखीची झाली ना?

महिना तोच असेल तर बरीचशी. नाहीतर गवत वाढून वाट झाकलेली असते, दरड येऊन फाटाच गेलेला असतो, ज्या मोठ्या दगडाच्या उजवीकडून वळायचं होतं तो दगड बर्फाखाली असतो. मागच्या वेळचे मागे वळून काढलेले फोटो घेऊन जा, आणि तारीख बघा त्यांच्यावरची.